दिवा पूर्ण बंद करू नये

ती चिठ्ठी अजून माझ्याकडेच आहे. रेघी वहीतून फाडलेला अर्धा कागद, निळं बॉलपेन, घाईचं पण वळणदार अक्षर. वर मथळ्यासारखं लिहिलंय, 'चीकू'. शब्दाचा शेवट दीर्घ असला की आधीचा इकार ऱ्हस्व, म्हणजे 'चिकू'. हे मला झोपेतही कळतं, कारण गेली तीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त करूनच मी पोट भरलंय. त्यामुळे चिठ्ठी हातात आल्या आल्या पहिलं काम काय केलं असेल, तर पेन्सिलीनं ती वेलांटी फिरवली. मजकूर नंतर वाचला, आणि बऱ्याच उशिरा वाचला. तेच मला कित्येक महिने टोचत राहिलंय.

११ मे, शनिवार, दुपारचे सव्वादोन. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर पस्तिशीचा एक माणूस. खांद्याला सॅक, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला तपकिरी-पांढरा बीगल. "तुमच्याकडेच ना? चिकूला सोडायचंय." म्हटलं, अहो, ते शेजारी. त्यानं शेजारची बेल दाबली. आत सात-आठ गळ्यांनी एकदम कल्लोळ केला, पण दार उघडायला कोणी आलं नाही. शेजारीण कुठल्याशा कुत्र्याला डॉक्टरकडे घेऊन गेली होती आणि तिचा फोन लागत नव्हता, हे मला नंतर कळलं. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काकू, दहाच मिनिटं धराल का? आमची गाडी चुकेल हो." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत पट्टा माझ्या हातात. लिफ्टचं दार मिटता मिटता तो म्हणाला, "आमचा अजिबात भुंकत नाही हं!"

दोनच दिवसांपूर्वी त्या कुत्र्यांविरुद्धच्या तक्रार-अर्जावर पहिली सही मी केली होती.

दहा मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. चिकूनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. चपलांच्या स्टँडशेजारी बसला आणि लिफ्टच्या दाराकडे टक लावून राहिला. लिफ्ट वर जाताना कान उभे, खाली जाताना कान उभे. मी वाटीत पाणी ठेवलं, ते त्यानं लिफ्टवरची नजर न काढता प्यायलं, म्हणजे निम्मं फरशीवर सांडलं. मग शेजारीण आली, घामानं निथळत, "अय्या काकू, सॉरी, सॉरी," म्हणत पट्टा आणि पिशवी घेऊन आत गेली. तिच्या दाराआड पुन्हा कल्लोळ. चिठ्ठी पिशवीतून पडून माझ्या पायपुसण्यावर राहिली होती. ती मी उचलली, वेलांटी दुरुस्त केली, संध्याकाळी देऊ म्हणून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर प्रुफं आली.

रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं. बीगल भुंकत नाही, गळा काढतो. सशाच्या मागावर धावताना लांबच्या शिकाऱ्यालाही कळावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला तो आवाज, आणि तो आमच्या मधल्या भिंतीपलीकडे, माझ्या उशीपासून फार तर सहा फुटांवर. मी नोंदवही काढली, वेळ लिहिली. साडेअकराला पाणी प्यायला उठले, तेव्हा टेबलावर ती चिठ्ठी दिसली आणि पहिल्यांदा वाचली. सात मुद्दे होते. दही-भात आवडतो. पाव देऊ नये, मागतो. डावा कान दुखरा आहे. आणि पाचवा: 'रात्री दिवा पूर्ण बंद करू नये. अंधारात सोडून गेले असं वाटून रडतो. पॅसेजचा लावला तरी चालेल.'

हातात पाण्याचा ग्लास घेऊन मी तशीच उभी राहिले. तिचं दार माझ्या दारापासून बारा पावलांवर आहे. जावं, दार वाजवावं, कागद द्यावा. दोन मिनिटांचं काम. मी चिठ्ठीची घडी घातली आणि शब्दकोशात ठेवून दिली. का, याची सभ्य उत्तरं माझ्याकडे होती: एवढ्या रात्री कशाला, त्यांना वाटेल भांडायला आले, त्यांचा धंदा त्यांनी बघावा. खरं उत्तर असं होतं की नोंदवहीतली ती ओळ लांब व्हावी असं मला वाटत होतं. बारा चाळीसला आवाज थांबला. मी लिहिलं, 'रा. १०.१० ते १२.४०, सलग.' आणि 'सलग' खाली रेघ मारली.

अडीच तास. त्यातला शेवटचा तास माझ्या नावावर.

आता माझीही बाजू ऐका, कारण ती खोटी नाही. आमची इमारत कर्वेनगरातली, १९९८ सालची. दोन फ्लॅटच्या मधली भिंत म्हणजे नुसती लाज राखायला. मी घरी बसून काम करते. पूर्वी छापखान्यात आम्ही दोघी असायचो. एकीनं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद सगळं म्हणत, आणि दुसरीनं प्रुफावर डोळा ठेवायचा. आता दुसरी कोणी नाही, तेव्हा मीच मोठ्यानं वाचते आणि मीच बघते. त्यात पलीकडून लॅब्राडोर. तो खोकल्यासारखा दोनदा भुंकतो आणि थांबतो, आता तिसरा येणार म्हणून आपण वाट बघत राहतो आणि तिसरा येत नाही. पॉमेरियनचं शिवणयंत्र. हस्की तर भुंकतच नाही, तासन्‌तास गाऱ्हाणं सांगितल्यासारखा वाद घालतो. एका आत्मचरित्रात 'वडिलांचे छत्र हरपले'च्या जागी 'वडिलांचे छात्र हरपले' माझ्या हातून तसंच छापून गेलं. प्रकाशकांनी फोनवर सौम्यपणे विचारलं, "बरं नाहीये का तुम्हाला?" ते सौम्य बोलणं मला भुंकण्यापेक्षा लागलं.

आवाजाचं निदान असं असतं की तो सुरू होतो आणि थांबतो. वासाला वेळापत्रक नाही. बाथरूमच्या डक्टमधून तो यायचा. पहाटे पाचला फिनेल, सहाला हळद घालून शिजवलेला तांदूळ आणि कोंबडीचे पाय (संकष्टीलासुद्धा, असं वरच्या मजल्यावरचे काका आवर्जून सांगत), दुपारी तापलेल्या फरशीवरून उठणारा मुताचा उग्र, नाकाच्या शेंड्याला टोचणारा दर्प, आणि पावसाळा लागला की ओल्या केसांचा तो आंबट-कुबट वास, वाळत न पडलेल्या सतरंजीसारखा. दुसऱ्या मजल्यावर रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत. त्या म्हणाल्या, ताज्या मुताला एवढा वास नसतो, जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात तेव्हा तो सुटतो, आणि फरशीच्या सांध्यांत मुरला की वरून कितीही फिनेल ओता, दोन वास एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून येतात. हे मात्र खरं होतं. फिनेल आणि अमोनिया हे आमच्या जिन्यातलं जोडपंच झालं होतं. मजा अशी की बहिणीकडे साताऱ्याला चार दिवस राहून आले, तर पहिल्याच मजल्यावर भपकारा आला. जायच्या आधी मात्र घरात काही जाणवत नव्हतं. म्हणजे माझं नाकही तिच्या बाजूला फितूर झालं होतं. मग तिला स्वतःला तर काय येत असणार?

नोंदवहीची कल्पना भाच्याची, तो वकील आहे. म्हणाला, मावशी, नुसतं 'फार त्रास होतो' याला वजन नाही. तारीख, वेळ, किती मिनिटं, हे लिही. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सहा ४५. मी मोबाइलवर ॲप घेतलं. कुत्री: ६८. आनंद झाला. मग सहज म्हणून माझ्या मिक्सरसमोर धरलं, तो आकडा इथे लिहीत नाही. भाच्यानं आणखी सांगितलं की सार्वजनिक उपद्रवासाठी न्याय संहितेच्या कलम २९२ खाली दंड आहे, जास्तीत जास्त १,००० रुपये. शेजारीण एका कुत्र्याचे दिवसाला ८०० घेते. दीड दिवसही पुरला नसता. आणि कुत्री पाळायला बंदी घालू म्हटलं, तर प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना आडव्या येतात: सोसायटीनं बहुमतानं ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. "पण हे पाळीव कुठे आहेत, हे तर ठेवलेले आहेत," मी म्हटलं. "तिथेच तर तुझी केस आहे," भाचा म्हणाला. तेव्हापासून मी त्या नोंदवहीत जीव ओतला. इतकं नेटकं काम मी कुणा लेखकाचंही केलेलं नसेल.

शेजारणीबद्दल मला जे माहीत होतं ते सगळं दाराच्या फटीतून. चाळिशीची, एकटी. आधी कुठल्याशा कंपनीत मोठ्या पगारावर होती, लॉकडाउननंतर ती नोकरी गेली. स्वतःची एक म्हातारी लॅब कुत्री होती. मग मैत्रिणीचा कुत्रा चार दिवस, मग मैत्रिणीच्या मैत्रिणीचा. मग एक दिवस दारावर छोटी पाटी लागली, पंजाचं चित्र आणि 'घरगुती वातावरण, पिंजरा नाही'. लोक त्याला कुत्र्यांचं पाळणाघर म्हणू लागले. शब्द काही वाईट नाही. दंडांवर ओरखडे, काळ्या कुडत्यावर पांढरे केस, पांढऱ्यावर काळे. जिन्यात भेटली की आधी 'सॉरी' म्हणायची, मग 'काकू'. एक वेळ अशी आली की मला तिच्या सॉरीचाच जास्त राग येऊ लागला. सॉरी म्हणणाऱ्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

मीटिंग पार्किंगमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक स्टँडचा पंखा, सेक्रेटरींच्या हातात अर्ज आणि माझी नोंदवही. सुरुवात माझ्या मनासारखी झाली. मग तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "मुक्या जिवाबद्दल असं बोलू नये. दत्ताच्या पायाशी काय आहे?" त्यावर संकष्टीवाले काका ताडकन उठले, "दत्ताच्या पायाशी चार आहेत, यांच्याकडे नऊ!" सगळे हसले, शेजारीणही. आणि त्या हसण्यात माझी केस बसली. कारण त्यानंतर कोणीतरी म्हणालं, घरातून धंदा नको असा नियम करायचा, तर सरसकट करू. झालं. चौथ्या मजल्यावरचे गणिताचे क्लास, जिन्यात पन्नास चपला. पहिल्या मजल्यावरचं पार्लर, त्याचा तो नखांच्या रंगाचा वास. डबेवाल्या वहिनींची पहाटेची लसणाची फोडणी. तबल्याची शिकवणी. एकेकाची मान खाली जाऊ लागली. सोळा घरांत सात धंदे निघाले. मी मनात म्हटलं, माझं बरं, माझ्या धंद्याला ना वास ना आवाज.

आणि तेवढ्यात मला दम्याचे आजोबा आठवले. कित्येक वर्षांत आठवले नव्हते.

आम्ही तेव्हा शनिवार पेठेतल्या वाड्यात, तळघरवजा दोन खोल्यांत. वडिलांची कंपनी बंद पडली आणि आईनं मसाल्यांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. काळा मसाला, तिखट, मेतकूट, दाण्याची चटणी. चैत्र-वैशाखात चौकात गोणपाटांवर मिरच्या वाळायच्या आणि दुपारी दोन वाजता, कामं आटपल्यावर, आई मोठी लोखंडी कढई चढवायची. तेलात मिरची पडली की पहिला ठसका आईला, मग मला, मग समोरच्या बिऱ्हाडाला, असा तो जिन्यानं वर चढत जायचा. आम्हा मुलांना त्याची गंमत वाटे. कुणाकडे कितीदा ठसका लागला ते आम्ही मोजायचो. (नोंद ठेवायची खोड जुनीच दिसते.) वरच्या मजल्यावर एक आजोबा होते, दम्याचे. बरोबर पावणेदोनला ते घडी घातलेलं वर्तमानपत्र आणि छत्री घेऊन खाली उतरायचे, ओंकारेश्वराच्या देवळात जाऊन बसायचे आणि साडेचारला परतायचे. वैशाखातल्या उन्हात, रोज. मला ते फार देवभक्त वाटायचे. आई दर महिन्याला त्यांना मेतकुटाची पुडी पाठवायची, माझ्याच हातून. "त्यांना तिखट चालत नाही गं," म्हणायची. पुडी घेताना ते आतल्या खिशातून श्रीखंडाची गोळी काढून द्यायचे. देवभक्त माणूस नेमका मिरच्यांच्याच महिन्यांत का देवळात जातो, हे माझ्या डोक्यात शिरायला पार्किंगमधली ती मीटिंग उजाडावी लागली. आईला मात्र ते तेव्हाही माहीत होतं. पुडीत मेतकूट होतं खरं, पण ते मेतकूट नव्हतं.

म्हणून मी लगेच शेजारणीला मनातून माफ वगैरे केलं, असं समजू नका. आईच्या मिरच्या वर्षातले पंधरा-वीस दिवस असत, दुपारी दोन तास. इथे बारा महिने, आठ प्रहर. आजोबांना जायला नदीकाठचं देऊळ होतं. मी प्रुफांचा गठ्ठा घेऊन कुठे जाऊ? शिवाय मेतकूटही कोणी पाठवत नव्हतं. मी गप्प बसले एवढंच. मीटिंगमध्ये ठरलं ते असं: चारच्या वर कुत्री नाहीत (संख्या दत्तानं ठरवली, असं काका अजून सांगतात), रात्री दहानंतर गॅलरीत सोडायची नाहीत, फरशी धुतलेलं पाणी डक्टच्या नळाला जायचं नाही. प्राध्यापिकाबाईंनी फिनेलऐवजी एन्झाइमचा क्लीनर वापरायला सांगितला आणि ब्लीच चुकूनही नको म्हणून बजावलं. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की वायू होतो आणि तो फुप्फुसाला वाईट. शेजारीण सगळ्याला मान डोलवत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "काकूंच्या वहीची झेरॉक्स मिळेल का मला?" पार्किंगमध्ये क्षणभर शांतता पसरली. सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की ही आता वकील करणार. मीही तोच काढला. सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी झेरॉक्स दिली.

वकिलाची नोटीस काही आली नाही. आठवड्याभरानं लिफ्टचा माणूस आला. आमच्या लिफ्टमध्ये एक बाई बोलायच्या, मजल्याचा नंबर सांगायच्या, दार लावायला सांगायच्या आणि प्रत्येक मजल्यावर टिंग्‌ करून घंटा वाजायची. त्या माणसानं बाईही बंद केल्या आणि टिंग्‌ही. मला वाटलं, वार्षिक देखभाल असेल. पण त्या दिवसापासून दिवसाचं भुंकणं निम्म्यावर आलं. मी त्याचं श्रेय मनातल्या मनात मीटिंगला, म्हणजे पर्यायानं स्वतःलाच दिलं. वास पूर्ण गेला नाही. पावसाळ्यात सतरंजी परत आली. लॅबचा तिसरा खोकला अजून येत नाही. नोंदवही मी जुलैत लिहायची थांबवली, कारण दिवाळी अंकांची कामं सुरू झाली आणि वेळ उरेना.

दिवाळी हा तिच्या धंद्याचा सुगीचा काळ. लोक गावाला जातात, कुत्री इथे सोडून. आणि कुत्र्याला परक्या घरी ठेवायला वर्षातली सगळ्यात वाईट रात्र कुठली असेल तर तीही तीच. माणसाला वीस हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, कुत्र्याला त्याच्या दुपटीच्याही पुढचं येतं. आपल्याला जो फटाका नुसता मोठा वाटतो, तो त्यांना काय वाटत असेल देव जाणे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी देवापुढे पूजा मांडली, पणत्या ठेवल्या आणि नाही म्हटलं तरी कान भिंतीला लावून बसले. आज काय गोंधळ होणार! आठला खाली हजाराची माळ लागली. पलीकडे शांतता. साडेआठला सुतळी बॉम्ब, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. शांतता. त्या शांततेनं मी इतकी बेचैन झाले की उठून बाथरूमच्या डक्टच्या खिडकीशी गेले.

पलीकडून तिचा आवाज येत होता. एकसुरी, सपाट, प्रत्येक शब्द सारख्याच वजनाचा. ती चौघांना घेऊन बाथरूममध्ये बसली होती, दार लावून, आणि पाढे म्हणत होती. बे एके बे पासून. गाणं नाही, स्तोत्र नाही, लाडीगोडी नाही. फटाका फुटला तरी आवाज चढायचा नाही, पडायचा नाही. मधेच पत्र्याच्या बादलीवर शेपूट आपटल्याचा आवाज यायचा. मी उंबऱ्यातल्या पणतीत तेल घालून आले, तोवर ती तेरावर होती. आई मिरच्या कुटताना असंच काहीतरी मोजायची. मी कमोडचं झाकण लावून त्यावर बसले आणि ऐकत राहिले. अंगावर नवी साडी, नाकात डक्टचा वास. पंधरा गेला, सोळा गेला. सतराला ती जरा अडखळली. "सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे पंच्याण्णव."

"पंच्याऐंशी," मी म्हटलं. मोठ्यानं. मला स्वतःलाच कळलं नाही.

पलीकडे सगळं थांबलं. बादलीसुद्धा. मग, त्याच सपाट आवाजात, "सतरा पाचे पंच्याऐंशी." आणि पाढा पुढे सुरू झाला. एकोणतिसापर्यंत आम्ही दोघींनी म्हटला, मी जरा हळू.

दुसऱ्या दिवशी पाडवा. मी फराळाचं ताट भरलं, वर क्रोशाचा रुमाल टाकला आणि शब्दकोशातून ती चिठ्ठी काढून मुठीत घेतली. आज द्यायची. सांगायचं, की ही त्या दिवशी माझ्याकडे राहिली होती. बाकीचं सांगायचं की नाही, ते तिथे जाऊन बघू. दार तिनं उघडलं, मागे चौघं. त्यांत चिकू, जरा जाड झालेला. त्यानं मला ओळखलं नाही. मला हुंगलं आणि माझ्या मागच्या लिफ्टकडे बघितलं. घरात मी पहिल्यांदाच जात होते. भिंतीला ओळीनं खिळे, प्रत्येकाला एक पट्टा, वर चिकटपट्टीवर नाव. ओट्यावर स्टीलची भांडी पालथी घातलेली. म्हातारी लॅब पंख्याखाली आडवी, तिच्यासाठी फरशीचा तेवढा तुकडा बाकीच्यांनी मोकळा सोडलेला. वास होता. होता म्हणजे होताच. "बसा ना काकू, चहा ठेवते," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली आणि ताट ठेवायला मीही तिच्या मागून.

फ्रिजच्या दारावर, चार लोहचुंबकांखाली, माझं अक्षर होतं. नोंदवहीची झेरॉक्स, पानंच्या पानं एकमेकांना चिकटवून खालपर्यंत सोडलेली. तेलाचे डाग पडलेली, कडा मऊ झालेली, रोज हाताळल्यासारखी. माझ्या नोंदींवर लाल पेनानं गोल केलेले. स. ८.५०, स. ९.१५, दु. १.३०, सायं. ६.२०. रोज त्याच वेळा आणि प्रत्येक गोलासमोर एक शब्द: 'लिफ्ट', 'लिफ्ट', 'कचरेवाला', 'लिफ्ट', 'क्लासची मुलं'. काहींवर फुली, म्हणजे ते काम झालं. मी खाली खाली वाचत गेले. वाचल्याशिवाय मला राहवत नाही, तो धंद्याचा दोष. ११ मेची ओळ आली. 'रा. १०.१० ते १२.४०, सलग.' माझी 'सलग'खालची रेघ झेरॉक्समध्ये जास्तच ठळक उठली होती. तिच्यापुढे लाल पेनात एकच शब्द आणि त्यावर बरोबरची खूण.

"ती रात्र ना," चहाचं आधण ठेवत, पाठमोरीच ती म्हणाली, "काय केलं नाही मी! पोटात दुखतंय का बघितलं, कान बघितला. साडेबारा वाजून गेल्यावर सहज पॅसेजचा दिवा लावला, तर गप्प. तुम्हाला फार त्रास झाला असेल."

"नाही गं," मी म्हटलं. "मी झोपले होते."

तिनं वळून माझ्याकडे बघितलं, मग फ्रिजकडे आणि मग साखरेचा डबा उघडला. "एक चमचा की दोन?"

चिठ्ठी मुठीत घामानं ओली झाली होती. चिकू माझ्या पायाशी येऊन बसला होता, दाराकडे तोंड करून. मी पुन्हा फ्रिजकडे बघितलं. 'दीवा' असं लिहिलं होतं तिनं. 'दि'ची वेलांटी दीर्घ.

मी काही बोलले नाही.